यवत म्हंजे यवतमाळ का?



यवतच्या माणसाला जन्मात शंभरेक वेळा तरी एक प्रश्न झेलावा लागतो.

"गाव कुठलं तुमचं?"
"यवत."
"अच्छा अच्छा, यवतमाळ! ऊन लई असतंय ना तुमच्याकडं?"

पहिल्या दहा वेळा आपण नीट समजावून सांगतो. बाबा, यवतमाळ तिकडं विदर्भात. आपलं यवत दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर, पुण्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. अकराव्या वेळेपासून "हो, लई ऊन" म्हणून मोकळं होतो.

माझ्या एका मित्राची सोयरीक यावरून मोडता मोडता राहिली. पोरगी पिंपरी-चिंचवडकडची. मध्यस्थानं फोनवर गाव सांगितलं यवत, पलीकडं ऐकू गेलं यवतमाळ. मुलीच्या मामांनी लगेच निकाल दिला, "एवढ्या लांब पोरगी द्यायची न्हाई. दिवाळीला आणायची म्हंजे रेल्वेचं रिझर्वेशन करावं लागंल." दोन दिवस त्या घरात तोंडं पडलेली. शेवटी मुलीच्या आज्जीनं फोन हातात घेतला अन् विचारलं, "पाव्हणं, यवत म्हंजे नेमकं कुठं वो?"

"आज्जी, उरुळी कांचनच्या पुढं."

"अगं बया, मग ह्ये तर इथंच की!"

लग्न झालं. दोन पोरं आहेत. मामा गावात आले की आम्ही अजून विचारतो, "मामा, यवतमाळची गाडी येळंवर होती का?" अन् सगळ्यात आधी मामाच हसतात.

आज लिहायचंय ते आज्जीच्या त्या एका प्रश्नाबद्दल. मामांनी ऐकलं अन् निर्णय दिला. आज्जीनं ऐकलं अन् विचारलं. गैरसमज दोघांचा सारखाच होता, पण एकाच्या हातून संसार मोडला असता, दुसरीच्या हातून गावाला कायमचा एक विनोद मिळाला. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपला भागच असा आहे की घोळ होणारच. हडपसरला उभं राहून नुसतं "उरुळीला जायचंय" म्हणा. एक उरुळी कांचन, सोलापूर रस्त्याला. दुसरी उरुळी देवाची, सासवड रस्त्याला. केडगाव म्हणा. एक आपलं दौंड तालुक्यातलं, दुसरं नगर शहराला लागून. शिरूर म्हणा. एक आपलं घोडनदीचं, एक बीडमधलं शिरूर कासार, एक लातूरमधलं शिरूर अनंतपाळ. भुलेश्वरला दर्शनाला निघालेल्या माणसाला कुणी सांगितलं की माळशिरसजवळ आहे, अन् त्यानं मोबाईलच्या नकाशात नुसतं माळशिरस टाकलं, तर पुरंदरमधल्या माळशिरसऐवजी तो सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरसला निघायचा. आपल्या चौकात असे पाव्हणे मी स्वतः वळवलेत. गाडीतली बायको नवऱ्याकडं बघते, नवरा मोबाईलकडं बघतो, मोबाईल बिचारा कुणाकडंच बघत नाही. आपण म्हणतो, "दादा, मागं वळा, डोंगराकडं." दादा हसतात, वहिनी जास्त हसतात.

गावांच्या नावांपेक्षा आपली भाषा जास्त अवघड. 'परवा' हा शब्द घ्या. काल होऊन गेलं त्याच्या आदला दिवस पण परवा, उद्या होणार त्याच्या पुढचा दिवस पण परवा. आमच्या ओळखीत एकानं कडब्याच्या पैशासाठी फोन केला. "पैशाचं काय?" पलीकडून उत्तर आलं, "परवा." अन् फोन कट. हा भला माणूस पासबुक घेऊन बँकेत गेला, परवाच्या तारखेला पैसे जमा दिसतायत का बघायला. दिसणार कसे? ते अजून यायचे होते. हा तावातावानं त्याच्या घरी गेला, तो ओसरीवर बसलेला. "परवा म्हणाला हुतास ना?" "मग? अजून परवा कुठं झालाय?" बाजूला बसलेल्या म्हाताऱ्याला हसून ठसका लागला. मग या दोघांनाही हसू आलं.

परप्रांतातनं बदलून आलेल्या एका बँकेच्या साहेबांची गोष्ट तर भारी आहे. लोक काम झालं की उठायचे अन् म्हणायचे, "येतो साहेब." साहेब बिचारे वाट बघत बसायचे. आता येतो म्हणाला, गेला कुठं? त्यांना कुणीतरी महिन्यानं सांगितलं की आपल्याकडं 'जातो' म्हणत नाहीत, जाणं फक्त शेवटचं असतं, म्हणून निघताना 'येतो' म्हणायचं. साहेबांना ते फार आवडलं. पुढं एका दुकानाच्या उद्घाटनाला त्यांना बोलावलं. हातात नारळ दिला अन् म्हणले, "साहेब, वाढवा." साहेब इकडंतिकडं बघायला लागले. एकाच नारळाचे दोन कसे करायचे? फोडणं हा शब्द शुभकार्यात नको म्हणून आपण वाढवतो, बांगडी फुटली तरी ती वाढते, हे त्यांना कोण सांगणार? शेवटी कळल्यावर साहेबांनी नारळ दगडावर आपटला, त्याची दोन भकलं झाली, अन् साहेब म्हणाले, "अरे, सचमुच बढ गया!" तो मांडव जो हसला, तो हसला. बदली होऊन जाताना साहेब सगळ्यांना "येतो" म्हणून गेले. काही जणांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता गुऱ्हाळावर चला. आपल्या दौंड तालुक्यात गुऱ्हाळांना तोटा नाही, अन् त्यावर राबणारे हात बरेचसे उत्तर प्रदेशातले. चुलवणासमोर उभं राहून तापलेल्या काहिलीतला रस हलवायचा, ही गंमत नाही. तिथं दोन भाषा रोज एकमेकींच्या पायावर पाय देतात. ऊस भरलेली ट्रॉली चढावर उभी होती. मालक ओरडले, "ट्रॉली खाली घे रे!" आपलं खाली म्हंजे उताराला. त्याचं खाली म्हंजे रिकामं. त्यानं अख्खी ट्रॉली तिथंच रस्त्यावर रिकामी केली. मालक धावत आले, "अरं खाली म्हंजे खाली!" तो म्हणाला, "हाँ मालिक, खाली ही तो किया!" मालकांनी डोक्याला हात लावला, अन् मग काय झालं, तेच सांगायचंय. मालकांनी विचारलं, "तुमच्यात खाली म्हंजे काय रे?" त्यानं सांगितलं. दोघंही उसाच्या ढिगाशेजारी बसून हसले अन् सगळ्यांनी मिळून तो ऊस परत भरला.

तोच गडी पुढं एकदा मालकांना म्हणाला, "मालिक, बच्चे को शिक्षा देनी है." मालक दचकले. "आरं, केवढंसं पोरगं ते! काय केलं त्यानं? कशाला शिक्षा देतूस?" या वेळी मात्र गड्यानंच विचारलं, "मालिक, आपके यहाँ शिक्षा माने क्या?" मालकांनी छडीची खूण केली. गड्यानं पाटी-पेन्सिलची खूण केली. ते पोरगं आता जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे अन् आपल्या पोरांच्या तोडीस तोड मराठी बोलतंय, शिव्यांसकट.

हे सगळे किस्से नुसते हसायला सांगत नाहीये. यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एक माणूस थांबला अन् म्हणाला, "म्हंजे?" गैरसमज हा आपोआप विनोद होत नसतो. त्याला कुणीतरी विचारावं लागतं, समोरच्यानं सांगावं लागतं, अन् ज्याची चूक झाली त्याला स्वतःवर हसता यावं लागतं. या तिन्हीतलं एक जरी नसलं तरी तोच गैरसमज भांडण होतो. परवाच्या पैशावरून डोकी फुटलेली आपण पाहिलीच आहेत. शब्द तोच, फक्त ओसरीवर हसणारा म्हातारा नव्हता.

दुसरी गोष्ट. कुणी कुणावर हसायचं, यालाही नियम आहे. आपल्या तमाशातली बतावणी आठवा. सोंगाड्या मुद्दाम चुकीचं ऐकतो. राजानं हुकूम सोडला की हा त्याचा भलताच अर्थ लावतो, अन् मांडवातली माणसं हसतात ती राजावर, प्रधानावर, त्यांच्या जडशीळ भाषेवर. सोंगाड्या गरीब असतो, पण हशा त्याच्या बाजूचा असतो. हसणं वरच्या दिशेनं जायचं. आज आपण ते उलटं करून ठेवलंय. सेवा केंद्रावर एखादी आज्जी फॉर्म चुकली की आपण आज्जीवर हसतो. फॉर्म कुणी तसा लिहिला, त्याच्यावर कुणी हसत नाही.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आठवा. घरातलं कुणी सरकारी नोकरीत नाही, असं वाक्य. खाली निवडायचं, होय किंवा नाही. आता ज्या घरात कुणीच नोकरीला नाही, तिथली बाई काय म्हणंल? "न्हाई वो, कोण न्हाई." तिनं 'नाही' दाबलं. मशीननं त्याचा हिशोब केला, नाहीचं नाही म्हंजे आहे. झाली बाई सरकारी नोकरदाराच्या घरातली! दिवसभर खुरपायला जाणारी बाई, अन् कागदावर तिच्या घरात साहेब. अशा घोळात किती जणींचे हप्ते अडकले, अन् शेवटी घरोघरी अंगणवाडी सेविका पाठवून खरं काय ते तपासायची वेळ आली. म्हंजे सरकारलाही शेवटी आज्जीचाच मार्ग धरावा लागला. दारात जायचं अन् विचारायचं, "बाई, तुमचं उत्तर म्हंजे नेमकं काय वो?" हेच आधी एका गावात पाच बायकांना फॉर्म वाचून दाखवून विचारलं असतं, तर पुढची वणवण वाचली असती.

सातबाऱ्याचंही तसंच. निवडणूक आली की "सातबारा कोरा करू" अशी घोषणा होते. आमच्या पारावरचे एक आप्पा ते ऐकून खरंच घाबरले होते. म्हणाले, "कोरा? म्हंजे माझं नाव पण पुसणार का काय?" सगळे हसले. आप्पांना कुणीतरी समजावलं की इतर हक्कातला कर्जाचा बोजा काढणार, जमीन तुमचीच राहणार. आप्पा थोडा वेळ गप्प बसले अन् म्हणाले, "मग तसं सांगा ना. कोरा कशाला म्हणता? कोऱ्या कागदावर अंगठा देऊन किती जणांच्या जमिनी गेल्यात, म्हाईत हाय का?" आता हसायची पाळी आप्पांची होती. पारावरचे आम्ही सगळे शिकलेले गप्प.

म्हणून माझं म्हणणं, साधं विचारणाऱ्याला अडाणी समजू नका. ग्रामसभेत "सदरहू प्रकरणी", "उपरोक्त विषयान्वये" असं काही वाचलं गेलं अन् मागून एखादा म्हणाला, "म्हंजे काय वो भाऊ?" तर त्याला हसू नका. तो सगळ्यांच्या वतीनं विचारतोय. निम्म्यांना कळलेलं नसतं, ती नुसती माना हलवतात.

आता जरा अवघड विषयाकडं येतो.

मागं पालखीच्या वेळची गोष्ट. तुकोबारायांची पालखी यवतला मुक्कामाला येते, आख्खं गाव पिठलं-भाकरी करतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं. त्या गर्दीत कुणाला हाक मारायची झाली तर नाव माहीत नसतं. "ओ माऊली!" म्हणलं की एकदम दीडशे माणसं वळून बघतात. ज्याला बोलावलं तो सोडून सगळे. पण कुणी चिडत नाही, कारण माऊली म्हणून मारलेल्या हाकेवर चिडायचं कसं?

तर अशाच एका वर्षी आमच्या भावकीतले एक तात्या पहाटे पालखीबरोबर पुढं निघाले. त्यांच्या पुतण्यानं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "तात्या गेले. सकाळी सहाला." बस. पहिली श्रद्धांजली पाच मिनिटांत. दुपारपर्यंत चाळीसेक. कुणी जोडलेल्या हातांचं चित्र, कुणी पणती, कुणी "समाजाची कधीही भरून न येणारी हानी". एकानं तर तात्यांचा फोटो काढून त्याला हार पण घातला. तसंही आपल्याकडं वाढदिवसाचा फ्लेक्स अन् पुण्यस्मरणाचा फ्लेक्स यांत फरक किती? फोटो तोच, गॉगल तोच, खालची नावं तीच. इकडं तात्या वरवंडच्या मुक्कामाला पाय चेपत बसलेले. तिथं कुणीतरी त्यांना मोबाईल दाखवला. तात्यांनी पुतण्याला फोन लावला अन् म्हणाले, "दहाव्याला गोड काय ठेवलंय ते सांग, म्हंजे तेवढ्यापुरता माघारी येतो."

अजून आम्ही यावर हसतो. पण एक हिशोब करा. चाळीस माणसांनी श्रद्धांजली वाहिली. बहुतेक सगळी गावातली. तात्यांचं घर पाच मिनिटांवर. त्या चाळिसांतल्या एकानंही फोन करून विचारलं नाही, "गेले म्हंजे? कुठं गेले?" एकानंही घरापर्यंत चक्कर मारली नाही. तात्या जिवंत होते म्हणून हसलो. आपली सवय मात्र त्या दिवशी उघडी पडली.

कारण तीच सवय, तेच मोबाईल, तेच गाव. अन् १ ऑगस्ट २०२५ चा शुक्रवार.

त्या दिवसाचं वर्णन मी करत बसणार नाही, आपण सगळ्यांनी बघितलंय. गाव आधीच तापलेलं होतं. त्यात सोशल मीडियावरची एक आक्षेपार्ह पोस्ट, अन् काही तासांत दगडफेक, जाळपोळ, अश्रुधूर, जमावबंदी. टीव्हीवर आपल्या गावाचं नाव पट्टीत फिरत होतं. त्या रात्री मला लांबलांबून फोन आले अन् एकानंही "यवतमाळ का?" विचारलं नाही. यवत कुठं आहे ते सगळ्यांना कळलं होतं. जन्मभर वाटत होतं आपलं गाव लोकांनी ओळखावं. पण असं नव्हतं ओळखायचं.

ती पोस्ट गैरसमज होती, असं मी म्हणत नाही. कुणी काय टाकलं, का टाकलं, कुणी दगड उचलला, हे बघायला पोलीस आहेत, कोर्ट आहे. माझा प्रश्न फक्त आपल्याला आहे. त्या दिवशी घराबाहेर पडलेल्या किती जणांनी ती पोस्ट स्वतः वाचली होती? अन् किती जण नुसतं "आरं, चल, काहीतरी झालंय" यावर निघाले होते? 'काहीतरी' म्हंजे काय, हे विचारणारी एक आज्जी प्रत्येक गल्लीत असती तर काय झालं असतं? ज्याची गाडी जळाली, ज्याचं दुकान फुटलं, त्याचा त्या पोस्टशी संबंध काय, हे आगपेटी काढणाऱ्याला कुणी विचारलं का?

विचारलं नाही की काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्रानं आधीच पाहिलंय. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशा अफवा मोबाईलवर फिरत होत्या. बाजाराच्या दिवशी तिथं पाच माणसं आली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, आपल्याच सोलापूर रस्त्यानं पुढं गेलं की लागतो त्या मंगळवेढा भागातली, भिक्षुकी करून पोट भरणारी. संशय आला, जमाव जमला, अन् ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठेचून मारलं. कुठून आलात, कोण तुम्ही, याचं उत्तर ऐकून घ्यायला गर्दीला वेळ नव्हता. असे बळी देशभर जायला लागले, तेव्हा त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढं पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. कंपनीनं बोटाला लगाम घातला. डोक्याला लगाम आपणच घालायचा असतो.

पारावरच्या गैरसमजावर आपण हसतो अन् मोबाईलमधल्या गैरसमजावर पेटतो, याला कारण आहे. पारावर समोरच्याचं तोंड दिसतं. आवाज कळतो. तो मस्करी करतोय का खरं बोलतोय, हे डोळ्यांवरून ओळखू येतं. अन् मुख्य म्हंजे "म्हंजे रे?" असं लगेच विचारता येतं. मोबाईलवर नुसती अक्षरं येतात. आवाज आपण आपल्या मनातला घालतो. ज्याच्यावर आधीच राग आहे, त्याचा साधा "बरं" पण आपल्याला टोमणा वाटतो. मग विचारायच्या जागी आपण पुढं पाठवतो. जो पुढं पाठवतो तो स्वतःला जागरूक समजतो, जो विचारतो त्याला लोक पळपुटा म्हणतात. खरं तर धाडस विचारायलाच लागतं. गर्दीत उभं राहून "थांबा, आधी बघू तर द्या काय आहे ते" म्हणणाऱ्याच्या छातीला मी सलाम करतो. १ ऑगस्टलाही अशी माणसं गावात होती. त्यांची नावं कुठल्या बातमीत आली नाहीत, पण गावाला ती ठाऊक आहेत.

आता काही जण म्हणतील, "दादा, सगळंच काय हसण्यावारी न्यायचं? काही लोक मुद्दाम करतात." बरोबर आहे. मुद्दाम केलेल्या अपमानाला मी विनोद म्हणत नाही. महापुरुषांची विटंबना हा विनोद नाही, कुणाच्या देवाधर्माची टवाळी हा विनोद नाही, अन् आधी घाण बोलून मग "अहो मस्करी केली" म्हणणं हा तर सरळ भित्रेपणा आहे. त्याला कायदा आहे, तक्रार द्या, पाठपुरावा करा, मी बरोबर येतो. पण मुद्दाम केलं का चुकून झालं, हे ठरवायला आधी विचारावंच लागतं ना? न विचारता दोन्हींना एकच शिक्षा द्यायची ठरवली, तर उद्या "तात्या गेले" लिहिणाऱ्या पुतण्याचंही घर जळंल.

अन् एक. विचारल्यावर खरंच मुद्दाम केलेलं निघालं, तरी ते एका माणसाचं असतं. त्याच्या गल्लीचं, त्याच्या जातीचं, त्याच्या धर्माचं नसतं. मामांना यवतमाळ ऐकू आलं म्हणून आम्ही सगळ्या पिंपरी-चिंचवडला बहिरं ठरवलं नाही.

मग करायचं काय? मोठे उपाय मोठ्यांनी करावेत. मी आपले छोटे सांगतो.

गावाच्या प्रत्येक ग्रुपवर एक साधा नियम करू. कुणाच्या मरणाची, मारामारीची, विटंबनेची बातमी आली, तर टाकणाऱ्यानं "मी स्वतः बघितलं" किंवा "मी अमक्याला फोन करून विचारलं" एवढं लिहायचं. नाही लिहिलं तर ॲडमिननं काढून टाकायचं, भले टाकणारा ॲडमिनचा सख्खा मेहुणा असो.

दोन्ही-तिन्ही समाजातल्या चार-चार माणसांचे नंबर एकमेकांकडं असू द्या. नुसते असू नका देऊ, सणावाराला फोन पण करत जा. ज्याच्याशी कधी हसून बोललो नाही, त्याला तणावाच्या रात्री फोन करून "हे खरं का रे?" विचारायला जीभ उचलत नाही. ज्याच्याबरोबर 'खाली' अन् 'शिक्षा'वर हसलोय, त्याला आपण सहज विचारतो. रोजच्या फालतू विनोदाचा खरा उपयोग हा आहे. तो वाईट दिवसासाठी टाकून ठेवलेला पैसा असतो.

ग्रामपंचायतीनं नोटीस लावताना ती आधी दोन बायकांना अन् एका म्हाताऱ्याला वाचून दाखवावी. त्यांना कळली तर लावावी. नाही कळली तर चूक लिहिणाऱ्याची.

अन् घरात पोरांना एवढं शिकवू. ऐकू आलं नाही, कळलं नाही, तर "म्हंजे?" विचारण्यात कमीपणा नाही. चुकीचं समजलं तर "च्यायला, मी भलतंच समजलो" म्हणून हसण्यातही कमीपणा नाही. स्वतःवर हसता येणाऱ्या माणसाला भडकवणं फार अवघड असतं. त्याला आधी म्हाईत असतं की आपण चुकू शकतो.

ती मुलीकडची आज्जी मागच्या वर्षी वारली. लिहिताना मुद्दाम 'गेली' म्हणत नाही, तात्यांसारखा घोळ नको. दहाव्याला मामा भेटले. म्हणाले, "त्या दिवशी आईनं फोन घेतला नसता, तर मी माझ्या भाचीचं चांगलं स्थळ नुसत्या ऐकण्यावरनं घालवलं असतं." आम्ही सवयीनं यवतमाळच्या गाडीचं विचारणार होतो, पण त्या दिवशी कुणी विचारलं नाही. निघताना मामांनीच विचारलं, "काय रे, आज गाडीचं न्हाई इचारलं?" अन् डोळे पुसत हसले.

असो. लई झालं.

तुमच्याकडचा एखादा घोळ खाली कमेंटमध्ये लिहा. अट एकच, ज्यात फजिती तुमची स्वतःची झाली तोच लिहायचा. दुसऱ्याची फजिती सांगायला सगळेच पुढं असतात.

अन् ही पोस्ट पुढं पाठवायच्या आधी पूर्ण वाचा. काही कळलं नाही तर विचारा. मी गावातच आहे, यवतमाळला नाही.

येतो. म्हंजे जातो.